गाडी उंच, पाय आखूड

मी जनावरांची डॉक्टर आहे. सरकारी नोकरी, सध्या उदगीर तालुक्यात. माझी मोटरसायकल मात्र आधीच्या नेमणुकीतली. हिमायतनगरला असताना तांड्यांवर जावं लागायचं आणि त्या वाटांवर रस्ता कमी, दगड जास्त. एका पावसाळ्यात स्कूटीचं पुढचं चाक दोनदा वाकलं, तेव्हा मी ही उंच गाडी घेतली. डोंगरदऱ्यांत फिरणारी हौशी पोरं घेतात तसली. मोठं चाक, लांब शॉकअप, पोटाखाली हातभर मोकळी जागा. माझी उंची पाच फुटांहून थोडीशीच जास्त. बसल्यावर दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकायचे. पण चालत्या गाडीला पाय टेकवायचे नसतात, असं म्हणून मी सात-आठ वर्षं काढली.

मागच्या उन्हाळ्यात ती माझ्या अंगावर पडली.

गाव उदगीरपासून फार लांब नव्हतं. एका घरची गाय भरवायची होती. मागं कॅरियरला द्रव नायट्रोजनचा कॅन बांधलेला. त्यात गोठवलेल्या रेतमात्रा असतात आणि तो उभाच ठेवावा लागतो. गोठ्यापुढं उतार होता. मी थांबले, उजवा पाय खाली सोडला, तर पायाखाली जमीनच नव्हती. गाडी कलली ती कललीच. पाय खाली अडकला, कॅन आडवा झाला, झाकण उडालं आणि सगळ्या अंगणात पांढरा धूर पसरला.

"आग लागली का वो मॅडम?" घरातली म्हातारी ओरडली.

"आग न्हाई आजी, लई थंड असतंय ते. जवळ येऊ नका कुणी."

मी जमिनीवर पडल्या पडल्या हे सांगत होते. धूर विरल्यावर दोघा-तिघांनी गाडी उचलली. कॅनमधलं सगळं वाया गेलं होतं. गायीकडं बघायला दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला पाठवावं लागलं. माझा घोटा रताळ्यासारखा सुजला. म्हातारीनं हळद आणि तेल कढवून आणलं, लावलं, आणि लावता लावता म्हणाली, "एवढी उंच गाडी कशाला घ्यायची बाई? घोड्यावानी हाय." मला हसू आलं आणि रडूही.

माझा नवरा लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. तेव्हा रोज एसटीनं जायचा-यायचा. त्याला गिअरची गाडी कधी चालवताच आली नव्हती. घोट्याला पट्टी बांधून मी घरात बसले होते, तेव्हा संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन शेजारी बसला.

"तुझ्याच गाडीचं नवीन मॉडेल आलंय. बघ. सीट दोन बोटं खाली आहे. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. ब्रेकला एबीएस आहे. चाक लॉक होत नाही."

"आणि माझ्या गाडीचं काय?"

"देऊन टाकू."

त्यानं जुन्या आणि नव्या गाडीचा तक्ताच केला होता. एका बाजूला ही, एका बाजूला ती. सीटची उंची, वजन, शॉकअपचा प्रवास, टाकी. परीक्षेच्या पेपरसारखा सुबक तक्ता. मी वाचला. जवळजवळ प्रत्येक ओळीत नवी गाडी वरचढ होती. तरी माझं मन होईना. लोकांना वाटलं, जुन्या गाडीत जीव अडकलाय. तसं काही नव्हतं. मला गाडी चालायला हवी होती, आणि ही चालत होती. फक्त मला पुरत नव्हती.

घोटा बरा झाल्यावर एका रविवारी आम्ही लातूरला गेलो. गाडी मी चालवत होते, तो मागं बसला होता. नव्या गाडीवर मावतो का ते बघायला मुद्दाम रिकामा कॅन सोबत घेतला. तो त्याच्या मांडीवर. नळेगावला चहा प्यायलो, तर कॅन बघून हॉटेलवाल्यानं नवऱ्याला विचारलं, "दूध घालायलाव का सर?" त्यानं नुसती मान हलवली.

शोरूममधला पोरगेला सेल्समन सगळं नवऱ्यालाच सांगू लागला. सर, हे बघा. सर, असं बसा. दोन मिनिटं ऐकून घेतल्यावर नवरा म्हणाला, "गाडी मॅडमना घ्यायचीय. मी मागं बसणारा माणूस." सेल्समन ओशाळला, पण पुढं नीट वागला. मला बसवलं, आरसे माझ्यासाठी फिरवले आणि रिंग रोडला एक चक्कर मारायला दिली.

खोटं कशाला सांगू, गाडी छान होती. बटण दाबलं की सुरू. आमच्या गाडीला थंडीत चोक ओढून मनधरणी करावी लागते. पुढं एक ऑटो अचानक वळला. मी ब्रेक दाबला, तर मुठीत बारीक थरथर झाली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. मागचं चाक जरासुद्धा घसरलं नाही. आणि पाय टेकला. पूर्ण नाही, पण अर्धा तळवा टेकला. परत येताना मी मनात रंग ठरवत होते.

मग कॅन ठेवून बघितला. मागचं कॅरियर आखूड होतं. कॅन ठेवला की माझ्या पाठीला टेकायचा, मागं सरकवला की निम्मा बाहेर. सेल्समननं स्वतः धरून दोन-तीन प्रकारे बघितलं.

"बाहेरून मोठं बनवून घेता येईल मॅडम. पण फ्रेमला वेल्डिंग केलं तर वॉरंटी जाते."

"म्हणजे नवी गाडी घ्यायची आणि पहिल्याच आठवड्यात कापायची."

नवरा कॅन पुन्हा मांडीवर घेऊन मागं बसला.

उदगीरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका चाचांचं लेथचं दुकान आहे. डाळमिलच्या मशिनींचे भाग बनवणं हा त्यांचा मूळ धंदा, पण मोटरसायकलीवरही त्यांचा हात बसलेला. सोमवारी मी गाडी तिथं नेली आणि म्हणाले, "चाचा, ही खाली करून द्या."

त्यांनी गाडीकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "बसा बरं बाईसाब. रोज जाताना घालता तेच बूट घालून बसा."

मी गमबूट घालून बसले. ते समोर तेलाच्या डब्यावर बसून बघत राहिले. मग एकेक सांगू लागले. सीटचा फोम पुढून निमुळता करता येईल, म्हणजे पाय सरळ खाली जातील. पुढचे शॉकअप थोडे वर सरकवले की पुढचा भाग खाली येईल. मागच्या शॉकअपला धरणारी लोखंडी लिंक बदलली तर मागचा भागही खाली बसेल. मग साइड स्टँड कापावा लागेल. कॅनसाठी लोखंडी कडं असलेलं कॅरियर ते स्वतः बनवतील.

"पण एक ध्यानात घ्या. गाडी खाली आली की दगडबी जवळ येतो. कायतरी सोडावंच लागतंय."

"आणि नव्या गाडीतला तो ब्रेक? तो हिला बसेल?"

"न्हाई. त्या ब्रेकची सगळी वायरिंगच अलग असते. ते पायजे तर नवी घ्या. मी तुमाला झूट सांगणार न्हाई."

मला त्यांचं हे बोलणं आवडलं. मी सगळं करायला सांगितलं. तेही, जे करू नका असं त्यांचा चेहरा म्हणत होता.

आठ दिवस मी ऑटोनं फिरले. गाडी हातात आली तेव्हा आनंद झाला. दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकत होते. या गाडीवर पहिल्यांदा सिग्नलला मी आरामात उभी राहिले. कॅन लोखंडी कड्यात घट्ट बसला होता, मुलाला कडेवर घेतल्यासारखा.

आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका शेतवाटेवर खालून खडखड आवाज आला आणि इंजिनाखालचा पत्रा दगडावर घासला. पुढच्या चढावर पुन्हा. रविवारी नवरा मागं बसला तर प्रत्येक खड्ड्यात मागचं टायर मडगार्डला घासायचं. जिच्यासाठी ही गाडी घेतली होती ती गोष्टच मी काढून टाकली होती. दगडावरून जाण्याची ताकद देऊन मी रस्त्यावर उभं राहण्याची सोय घेतली होती.

चाचांकडं गेले तर त्यांनी फळीवरून एक तेलकट कापड काढलं. आत माझ्या गाडीची मूळ लिंक गुंडाळून ठेवलेली.

"मला मालूम होतं तुमी येणार."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. तुमी ऐकायला आलताच कुठं, करून घ्यायला आलता."

मागचा भाग त्यांनी होता तसा केला. पुढचे शॉकअप अर्धे खाली आणले. सीट निमुळतीच ठेवली, स्टँडला पुन्हा तुकडा जोडला. आता एका वेळी एकच पाय नीट टेकायचा.

"आता बघा बाईसाब," ते म्हणाले, "तुमी दोन पाय टेकवाया बघायलाव. दोन कशाला पायजेत? माणूस एका पायावर उभा ऱ्हातो. थांबताना जरा डावीकडं सरका, डावा पाय टेकवा, उजवा ब्रेकवर असू द्या. उद्या सकाळी किल्ल्याकडच्या मैदानात या."

मी पंधरा-सोळा वर्षं दुचाकी चालवणारी बाई. गाडी थांबवायला कुणी शिकवेल, हे मनाला लागलं. तरी गेले. सकाळी सहाला मैदानात फिरायला येणारी चार माणसं आणि आम्ही. चाचा लुंगी आणि टोपी घालून कट्ट्यावर बसले. मी गाडी चालवायची, ते हात वर करायचे, मी थांबायचं. "डावा," ते म्हणायचे. मी थांबले, उजवा पाय गेला. "डावा." पुन्हा. दहाव्या वेळी माझी चिडचिड झाली. विसाव्या वेळी चिडायचं विसरले. मग त्यांनी उतारावर थांबायला लावलं, आधी जमीन बघायची, मग वेग कमी करायचा, मग पाय. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला, मी थांबले आणि ते काहीच बोलले नाहीत. कट्ट्यावरून उठून दुकानाकडं चालू लागले.

पावसाळा त्याच गाडीवर गेला. एकदाच जीव घाबरला. देवणीच्या रस्त्यावर रिमझिम चालू होती, कळपातली एक शेळी आडवी आली आणि मी ब्रेक मारला. मागचं चाक लॉक झालं, गाडी आडवी घसरत गेली आणि शेळीपासून हातभर अंतरावर थांबली. मी पडले नाही. शेळ्यांमागच्या बाईनं मला पाणी दिलं. त्या घोटाभर चिखलात उभं राहून मला रिंग रोडवरची ती मुठीतली थरथर आठवली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "मी म्हणालो होतो" असं तो म्हणाला नाही. नुसता गरम पाणी काढायला उठला.

त्याच सुमारास मला एक गोष्ट दिसली. निर्णय होऊन महिने झाले होते, तरी तो संध्याकाळी लॅपटॉपवर तेच पान उघडून बसायचा. नवी गाडी. तक्त्यात दोन नव्या ओळीही आल्या होत्या.

"अहो," मी विचारलं, "ही गाडी तुम्हाला हवीय का?"

तो पडद्याकडं बघतच म्हणाला, "मला चालवता येत नाही."

"ते विचारलं नाही मी."

"हो," तो म्हणाला. "हवीय."

मागं बसून बसून त्याला कधी हौस लागली, मला कळलंच नव्हतं. तो लहान असताना घरातल्या एकाचा गाडीवर अपघात झाला आणि तेव्हापासून वडिलांनी दोघा भावांना गाडीला हात लावू दिला नव्हता, हेही त्यानं त्या दिवशी सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. आम्ही दोघं कमावते आहोत, मूलबाळ नाही. दिवाळीनंतर ती गाडी त्याच्या नावावर आली. शिकवलं मी, त्याच मैदानात. क्लच म्हणजे काय ते तो मला आकृती काढून समजावायचा आणि गाडी मात्र दर दोन मिनिटांनी बंद पाडायचा. महिनाभरात रुळला.

जानेवारीत आम्ही दोन गाड्यांवर हिमायतनगरला जाऊन आलो. पहाटे निघालो, नांदेडला नाश्ता केला, भोकरवरून पुढं गेलो. तो माझ्यामागं सारखं अंतर राखून येत होता, आरशात दिवा दिसायचा. माझ्या जुन्या दवाखान्यातला शिपाई अजून तिथंच होता. त्यानं दोन्ही गाड्यांभोवती चक्कर मारली.

"नवी कोण चालवून राहिलं, मॅडम?"

"मी," नवरा म्हणाला. एवढा ताठ आवाज त्यानं क्लासच्या पहिल्या दिवशीसुद्धा काढला नसेल.

आता आमचं असं चालतं. दौऱ्याला मी माझी गाडी नेते, कारण कॅन तिच्यावरच बसतो आणि वाटा तिच्या ओळखीच्या आहेत. पाऊस असेल आणि कॅनचं काम नसेल, तर मी त्याची नेते आणि तो एसटीनं लातूरला जातो. परवा तसंच झालं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चिखल पुसायचं फडकं शोधत म्हणाला, "चेनला तेल घातलंस का?"