जगाला दाखवलेली वाकळ

फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. सिरसाळ्याहून अण्णा, माझा थोरला भाऊ. "शोभे, मंगल गेली," एवढंच बोलला. मंगल म्हणजे माझी वहिनी. आठवडाभरापूर्वीच मी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात भेटून आले होते. बोलायला दम पुरत नव्हता, पण अंगावरच्या चादरीची कड बोटांनी चाचपून म्हणाली, "शोभाताई, शिलाई बघा की. बस सुटायलीय म्हनून घातल्यावानी." दोघी हसलो... ती गेल्यावर भेटायला येणारा जो तो एकच बोलायचा. फार सोशिक होती, घर सांभाळलं, कधी उलटून बोलली नाही. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. अहो, सिरसाळ्यात फोन लावायला एसटीडी बूथवर ताटकळत बसावं लागायचं, त्या काळात या बाईची स्वतःची वेबसाइट होती. ते कुणाला आठवू नये? म्हणून लिहायला बसले.

मी परळीत शिक्षिका होते. त्या वर्षांत आम्हा मास्तरांनी कॉम्प्युटर शिकलाच पाहिजे असा हुकूम निघाला आणि मी कपाळाला हात लावला. वहिनी दर सोमवारी वैद्यनाथाच्या दर्शनाला परळीला यायची आणि माझ्याकडे जेवून संध्याकाळच्या बसने परतायची. एकदा मला सोबत म्हणून क्लासला आली. दोघीही सारख्याच ढ. फरक इतकाच की मला त्या डब्याचा कंटाळा यायचा, तिला यायचा नाही. पुढे क्लासवाल्या बाईंनी बाहेरच्या खोलीत इंटरनेट सुरू केलं. तिथं कुणालाही स्वतःचं पान फुकट मांडता येतं हे कळल्यावर वहिनी मला म्हणाली, "जागा फुकट देतेत आन् कोन काय मांडलं ते इचारत न्हाईत? मग आपून कावून गप बसायचं?" देवदर्शनाचा वेळ त्या दिवसापासून आखडला. देवाला चालत असावं, त्याने कधी तक्रार केली नाही.

साइटचं नाव तिने ठेवलं 'चार टाके'. एका भागात शिवण आणि वाकळा. आमच्याकडे जुन्या लुगड्याधोतरांच्या थरांवर टाके घालून शिवलेल्या गोधडीला वाकळ म्हणतात. कुठला टाका कसा, काठ कुठे लावायचा, आणि शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा का ठेवायचा, तर वाकळ उपाशी राहू नये म्हणून, हे सगळं तिने सांगितलेलं. दुसऱ्या भागात वाचलेलं. दहावीपर्यंत शिकलेली ही बाई माझ्या शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक आठवड्यात संपवायची आणि लेखकाशी भांडायचीसुद्धा. तिसरा भाग मला सगळ्यात आवडायचा, 'आज बरं वाटलं'. त्यात असलं काहीबाही: लाइट गेली म्हणून सगळे अंगणात एकत्र जेवले. दुकानातला नोकर पहिल्यांदा मोठ्याने हसला. भेंडी कोवळी निघाली. अक्षरांची मात्र भलतीच पंचाईत झाली. आमच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं मराठी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसतं भुताटकीसारखं दिसायचं. मग वहिनी सगळं कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहायची, कडेने स्केचपेनने टाके काढायची आणि त्या कागदाचं चित्रच साइटवर चढवायची. ते पान वरून खाली सावकाश उलगडायचं, घडी घातलेलं पांघरूण झटकावं तसं. तोवर आम्ही चहा पिऊन घ्यायचो.

कुठून कुठून लोक लिहायचे तिला. नेकनूरची एक मुलगी परदेशात दिलेली. तिने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून कळवलं की भाकरीच्या तुकड्याचं वाचलं आणि आईची आठवण येऊन ओट्याशी उभी राहून रडले. वहिनीने ते मला तीनतीनदा वाचायला लावलं. पण तिच्या मनात एकच होतं, आणि ते ती माझ्याजवळ उघड बोलायची. "सारं जग बघायलंय, शोभाताई. ह्यांनी एकदा बघावं बस्स."

अण्णा काही बघत नव्हता. त्याचं कापडाचं दुकान होतं, मुख्य रस्त्यावर. त्या वर्षांत माल कसा बदलला. वाघाची चित्रं असलेली मखमली ब्लँकेटं आली, लग्नातल्या रुखवतात वाकळ दिसेनाशी झाली, ती असलेलं घर गरिबीचं ठरू लागलं. अशात वहिनीने एका वाकळेचा फोटो टाकला. देखणी होती, वाद नाही. पण हातचं काही वाया घालवायचं नाही हा तिचा खाक्या. दुकानात गिऱ्हाइकाला द्यायच्या छापील कापडी पिशव्या असत ना, त्यातली खराब छपाईची एक तिने उसवून मधोमध जोडली होती. फोटोत काय दिसलं? लाल अक्षरात दुकानाचं नाव, खाली सिरसाळा, आणि चहूबाजूंनी ठिगळं. लातूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने तो पुण्यात बसून पाहिला, बापाला सांगितलं, आणि बाप दुकानात आला तेव्हा ऐन गर्दीत अण्णाला म्हणाला, "काय शेठ, घरी ब्लँकेट परवडेना का?"

अण्णा तसाच उठून घरी आला. मी सुट्टीला तिथेच होते. "घरातलं अंथरूण जगाला दाखवायलीस? कापडवाल्याची बायको ठिगळं शिवती म्हनून लोक हसायलेत. सोमवारपासून परळी बंद." मला राहवेना. मी काही बोलणार तर वहिनीने हातानेच मला थांबवलं. ताटात वरण वाढलं, आणि वाढता वाढताच बोलली. आवाज एक सूत वर नाही. "तुमी नवं इकता, मी जुनं जपते. दोन्हीवर नाव एकच हाय. मला त्याची लाज न्हाई. तुमाला कावून वाटायलीय?" अण्णा न जेवता उठला. सोमवार आला. वहिनीने ठेवणीतली पाटलेपल्लूची साडी नेसली, पिशवीत कागद घातले, आणि दुकानासमोरून, हो, मुद्दाम दुकानासमोरून, स्टँडकडे चालत गेली. विचारलं नाही, भांडलीही नाही. अण्णा मापाचा गज हातात धरून बघत राहिला. आणि तो फोटो तिने साइटवरून काढून टाकला नाही. लोक तिला सोशिक म्हणतात तेव्हा मला ती दुपार आठवते, आणि छाती फुगते माझी.

पुढे कितीतरी वर्षं तिने ते चालवलं. अण्णाने पुन्हा अडवलं नाही, पण पाहिलंही नाही. अण्णाच्या मुलीने, माझ्या भाचीने, घरात कॉम्प्युटर आणला तरी तो त्या खोलीत पाऊल टाकेना. रुसवा केव्हाच संपला होता, उरला होता नुसता हट्ट. वहिनी विषय काढायची नाही, पण नवं पान चढवलं की त्या दिवशी जेवताना त्याच्या तोंडाकडे बघायची... मग एके दिवशी ती फुकट जागा देणारी कंपनीच बंद पडली आणि 'चार टाके' गेलं. सगळंच्या सगळं. मी हळहळले, चिडले. ती म्हणाली, "जाऊद्या. लोकांनी बघितलं ते काय परत घेतेत का?" मग उठता उठता पुटपुटली, "ह्यांचं तेवढं ऱ्हायलं."

वहिनीला जाऊन दोन आठवडे झाले तेव्हा बायकांनी तिच्या साड्या वाटायला काढल्या. आमच्याकडे रीतच आहे, बहिणीला एक, जावेला एक. माजघरात गठ्ठा मांडला होता. अण्णा दुकानातून आला, दाराशी उभा राहिला, मग खाली बसला. सगळ्यात वरची साडी त्याने ओढून घेतली, दातांनी काठाला खाच पाडली आणि टर्रकन फाडली, आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढे कापड फाडलं तशी, सरळ. बायका दचकल्या. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय. त्याने दुसरी घेतली. तिसरी घेतली. सगळ्यांचे सारखे चौकोन करून माझ्यापुढे ठेवले.

"मला टाका येत न्हाई, शोभे. तुमी बायकांनी शिवा. मधी तिचं नाव घाला, लांबून दिसंल असं. झाली की फोटो काढ आन् ते तुमचं जे असतंय त्याच्यावर टाक." त्याने चौकोनांची चळत सरळ केली. "मी बघीन."

तेव्हापासून माजघरात ती वाकळ पसरलेली आहे. पाहुण्यांना वळसा घालून जावं लागतं, कुणी उचलत नाही. मी शनिवार-रविवार जाते, शेजारच्या दोघी-तिघी येतात. दुपारी दुकान बंद करून अण्णा आमच्याजवळ बसतो आणि सुया ओवून देतो. त्याची नजर आता अधू झाली आहे, दोरा चारदा चुकतो, पण सुई दुसऱ्या कुणाला देत नाही. परवा नावातला 'मं' पुरा झाला. अण्णाने चष्मा पुसला, वाकला, आणि एकेका टाक्यावर बोट ठेवत ते अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं.