पोटावरचा लोटा

निंबा आबा पोट बसवतात, हे आमच्या पांझराकाठच्या बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक. कुठं शिकले ते विचारलं की आबा सातपुड्याकडे हात करायचे आणि डोळे मिटायचे. कोणी साधू, कोणती गुहा, ते ऐकणाऱ्यानं आपापलं समजून घ्यायचं. खरी गोष्ट अशी की आबांनी जळगावला एका डाळमिलमध्ये चार वर्षं पोती उचलली. पोतं उचलून हमालाची बेंबी सरकते म्हणतात, तेव्हा एक हमाल दुसऱ्या हमालाचं पोट चोळतो. तेवढीच आबांची विद्या. गुहा वगैरे नंतर गावी आल्यावर उगवली.

विद्येचं साहित्य म्हणजे एक पितळी लोटा, कणकेचा दिवा आणि एरंडेलाची बाटली. माणसाला उताणं पाडायचं. पायाचे दोन्ही अंगठे जुळवून पाहायचे. एक आखूड दिसला की बेंबी सरकली. आबांना तो नेहमीच आखूड दिसायचा. मग बेंबीत अंगठा रोवून आतला ठोका शोधायचा, तेल लावून पोट रगडायचं, वर पेटता दिवा ठेवून त्यावर लोटा पालथा घालायचा. दिवा विझतो, लोटा कातडी ओढून घट्ट चिकटतो. बघणारे माना डोलवतात. गॅस धरलेल्या माणसाला तेवढ्यानं एक मोठा ढेकर येतो आणि आबांचं नाव होतं.

पण आबांचं खरं नाव झालं ते सख्ख्या पुतणीमुळं. धाकटा भाऊ मगन, त्याची पोरगी दिपमाला. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तिचं पोट दुखायचं. जेवली की दुखायचं. लग्नात वरण-बट्टी खाल्ली की गुडघे पोटाशी घेऊन कुडाआड पडायची, हिरवं ओकायची आणि तासा-दोन तासांत उठून बसायची. अंगाला काही लागायचं नाही, पोरगी तुरीच्या काटकीसारखी. पंगतीत पान तसंच टाकते म्हणून बाया तिला नखराली म्हणायच्या. परीक्षा आली की हिचं पोट दुखतं, असा शोध शाळेच्या मास्तरांनी लावला. शिकलेला माणूस, त्यानं एवढं तरी करायलाच पाहिजे.

दरवेळी आबा यायचे, लोटा लावायचे आणि पोरगी बरी व्हायची. ती आबा नसते आले तरी बरी झाली असती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आठ-नऊ वर्षं आबा त्या पोटावर मोठे होत राहिले. "मनी पुतनीले विचारा," असं सांगून त्यांनी साक्रीपर्यंतची गिऱ्हाइकं धरली. मगननं एकदा धुळ्याला पोटाचा फोटो काढून आणू म्हटलं, तर आबा म्हणाले, "मशीनले बेंबी दिसस का रे?" मगनला दोन गोष्टी जमतात, मोठ्या भावापुढं गप्प बसणं आणि नंतर बिडी ओढणं.

राहता राहिली तिची आई कोकिळा. आमच्याकडं भावजय जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, भिंतीकडं तोंड, काय सांगायचं ते पोरांच्या तोंडून. कोकिळानं वीस वर्षं हे पाळलं. आबांना वाटायचं ही बाई आपल्याला मानते.

गेल्या पौषातली गोष्ट. दिपमाला आता धुळ्यात देवपूरला कॉलेजात जाते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी भाकर खाऊन बसस्टँडकडं निघाली आणि पारापाशीच मोडून बसली. घरी आणली तर ओकारी, हिरवीगार. आबा आले. अंगठे पाहिले.

"काय नही. बेंबी सरकेल शे."

रगडलं. पोरगी ओरडली नाही, नुसती दात खात होती. लोटा बसला. एक घंटा गेला, दुसरा गेला. एरवी उतरणारं दुखणं उतरेना. पोट फुगून वर आलं, हातपाय गार पडले. परत हिरवं ओकली.

"पित्त पडी ऱ्हायनं," आबा म्हणाले. "पडू द्या. चांगलं शे."

आणि परत तेलाची बाटली उघडली. तेव्हा भिंतीकडून आवाज आला.

"आबा, हात काढा."

ओट्यावरच्या माणसांना आधी कळेना कोण बोललं. आबांनीही तिच्याकडं पाहिलं नाही, भावाकडं पाहिलं. पोरगी समोर गार पडत होती आणि ह्यांना रीत आठवली.

"मगन, तुनी बायको बोली ऱ्हायनी रे."

"हा, बोली ऱ्हायनी," कोकिळा म्हणाली. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तिनं कमरेला खोचला. "वीस वरीस गप ऱ्हायनी, आते बोलसू. मनी पोर शे. बाजूले व्हा."

तिनं बोट घालून लोटा उपटला. मुका घेतल्यासारखा आवाज झाला. लोटा कोपऱ्यात गडगडला. गावातल्या जगदीशचा कांद्याचा टेम्पो दारावरून चालला होता, तो तिनं आडवं उभं राहून थांबवला आणि पोरीला त्यात घातलं. मगन चपला शोधत होता. त्याच्यासाठी कोणी थांबलं नाही.

देवपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं. बेंबीभोवती लाल कडं उमटलेलं.

"हे काय?"

"लोटा," कोकिळा म्हणाली.

"किती वेळ?"

"दोन घंटे."

बाईंनी लगेच सीटी स्कॅन केला आणि सरळ ऑपरेशनला घेतलं.

नंतर त्यांनी कोकिळाला समजावून सांगितलं. आईच्या पोटात असतानाच बाळाची आतडी फिरून आपापल्या जागी बसतात. हिची अर्ध्यात थांबली. त्यामुळं सगळी आतडी एका अरुंद देठावर लोंबत होती, दोरीला टांगलेल्या घडासारखी. घड फिरला की देठाला पीळ पडायचा, उलटा फिरला की सुटायचा. इतकी वर्षं आपोआप सुटत होता. ह्या वेळी अडीच वेढे बसले, रक्त पोचेनासं झालं. पीळ सोडवला, आतडी पुन्हा पिळणार नाहीत अशी मांडली. वीतभर काळं पडलेलं कापावं लागलं. अपेंडिक्स डावीकडं सापडलं, तेही काढून टाकलं, नाहीतर पुढं ते सुजलं तर डाव्या बाजूला कोण शोधणार?

"चोळल्यानं काई बिघडनं का?" कोकिळानं विचारलं.

"जन्माची चूक चोळण्यानं होत नाही," बाई म्हणाल्या. "जातही नाही. वेळ मात्र जातो."

पुढचे चार दिवस बाई रोज एकच विचारायच्या, "हवा सरली का?" मगन बाहेरच्या बाकावर त्याच बातमीची वाट पाहत बसायचा. पाचव्या दिवशी दिपमालाची हवा सरली. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेली. कोकिळा रडली नाही, तिनं पोरीला चहा पाजायची परवानगी मागितली.

इकडं गावात आबा पारावर बसून सांगत होते, "मी बठ्ठासले सांगं व्हतं, इनं आतडं सरकेल शे. डॉक्टरनी काय नवं सांगं?" आणि ऐकणारे माना डोलवत होते. ह्या मानांना मणकाच नसावा.

दिपमाला घरी आली. महिन्याभरानं ती भाकर खाऊन दुसरी मागायला लागली, तेव्हा आबांची बायको ताईबाई दारात आली.

"कोकिळा, त्यासना लोटा तुमनाकडे ऱ्हाई गया वं. गिऱ्हाईक बशेल शे."

"अक्का, संडासमा शे," कोकिळा भाकर थापत म्हणाली. "धुईसन लई जा."

ताईबाईनं परसात जाऊन पाहिलं. लोटा बादलीशेजारी होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. ती हात न लावता परत आली आणि चुलीपाशी बसली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तठेच बरा शे."