दोडक्याचा जाहीर हिशोब

आमच्या संस्थेला पारदर्शक हिशोबाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या निष्काळजीपणाला आहे.

संस्था म्हणजे बारामतीत दवाखान्याजवळ चालणारं आमच्या आत्याचं अन्नछत्र. इंदापूर, कळसकडून पेशंट घेऊन आलेल्या नातेवाइकांना तिथं भाकरी-भाजी मिळते. खजिनदार आत्या, स्वयंपाकीण आत्या आणि रागवायचं खातंही आत्याकडेच. मी चिटणीस. (म्हणजे सह्या करतो.)

पुण्याच्या एका मंडळानं जाहीर केलं, की जी सेवाभावी संस्था आपला हिशोब वेबसाइटवर सगळ्यांना कळेल असा मांडेल, तिला पुरस्कार. मी पिंपळीला घरी बसून झकास वेबसाइट केली आणि खर्चाचं रंगीत वर्तुळ काढून आत्याला दाखवलं.

"ह्ये कलिंगड कशाला कापलंय?"

"आत्या, तो खर्च आहे. लाल फोड म्हणजे गॅस."

"आन ज्याला वाचाय येत न्हाय त्येनं काय करायचं? काटेवाडीचा नाना रोज भाजी धाडतो. त्याला अक्षर येत न्हाय. त्याला कळाय नगं?"

मुद्दा बिनतोड होता. मग तूच वाचून दाखव, म्हटलं. वेबसाइटवर ऐकायचं बटण ठेवू. मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, सुरुवातीला स्वतःचा परिचय स्वतःच दिला (जरा लांबला), आत्याच्या पुढ्यात कागद ठेवला आणि बाहेर चहा प्यायला गेलो. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग वेबसाइटवर चढवलं. आधी तपासलंही होतं! माझा परिचय स्वच्छ ऐकू येत होता. त्यापुढचं ऐकायची गरज वाटली नाही.

लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली, सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. रात्रीपासूनच फोन सुरू झाले. "लई झ्याक हिशोब हाय, पुन्यांदा लावला." मी फुगत चाललो होतो. शेवटी बायकोनं मोबाइल माझ्या कानाला लावला. "आधी ऐका," ती म्हणाली.

आत्या भाकऱ्या थापता थापता वाचत होती, आणि प्रत्येक बाबीवर मदतीच्या बायकांना स्वतःचं मत सांगत होती.

"पंखं. दिलं सरपंचाच्या मेव्हण्यानं. पात्यावर नाव एवढं मोठं, की वारं कमी आन नावच जास्त फिरतंय. भाजी, नानाकडनं. भाजी म्हंजी दोडका. म्हैनं झालं, दोडकाच. पेशंट बरं हून घरी चाललं, आन नातेवाईक दोडक्यानं आजारी पडाय लागलं."

मागं बायका खिदळत होत्या. पुढचं ऐकायचा मला धीर झाला नाही. रेकॉर्डिंग काढून टाकायला धावलो, पण चढवलेलं उतरवायचं कसं तेच सापडेना.

दुसऱ्या दिवशी नानांचा भाजीचा टेम्पो आला नाही. आत्यानं पिठलं केलं. तिसऱ्या दिवशीही पिठलंच. आत्या पिठलं घोटता घोटता सारखी रस्त्याकडं बघत होती.

"नानाचं मन दुखावलं रं," ती म्हणाली. "भल्या मानसाला बोलले मी. भाजीच थांबली तर ह्या लोकास्नी काय वाढू?"

मला फार वाईट वाटलं. आत्याला मोटरसायकलवर बसवलं आणि काटेवाडी गाठली. नाना मांडवावरचे वेल उपटत होते.

"नाना, चुकलं माझं," आत्या म्हणाली.

"आक्का, पैल्या दिवशी तुमीच म्हनला, दोडका लई ग्वाड हाय. म्हनून उसाची पट्टी मोडून तुमच्यासाठी मांडव घातला. आमच्या घरात दोडका कुनीबी खात न्हाय."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग बोलायचं न्हाय व्हय?"

"तुमी रोज म्हनायचा, झ्याक भाजी. मला वाटलं, लोक आवडीनं खात्यात."

"म्हनून टेम्पो बंद केला?"

"बंद कुठं? दोडका धाडाय लाज वाटली, आन वांगी अजून तोडाय आली न्हाईत. उद्या शेजाऱ्याकडची धाडतो." नाना वेल खाली ठेवून हसले. "पर हिशोब झ्याक हाय, आक्का. माझी भाजी कुनी खाल्ली, कशी खाल्ली, पैल्यांदाच कळलं."

पुढं पुरस्कार आम्हालाच मिळाला. पुण्याच्या सभागृहात परीक्षक म्हणाले, इतका स्पष्ट हिशोब आम्ही कधी ऐकला नव्हता, थोडा तुम्हीही ऐका. माझा परिचय लावणार असं वाटून मी कोट नीट केला. आत्याचा आवाज घुमला.

"किरकोळ खर्च, चहा. ह्यो समदा आमच्या चिटनिसाचा. त्यानं काम काय केलं ते हिशोबात कुठंच घावत न्हाय, चहा मातर रोज घावतोय."

सभागृह हसून हसून आडवं झालं. शेजारी नाना डोळे पुसत होते. मग मीही उठून टाळ्या वाजवल्या. करणार काय, हिशोब बरोबर होता.