अंगाला बसेल असं स्थळ

फोन आला तेव्हा मी नगरच्या घरी दुपारचा चहा टाकत होतो. पलीकडे माझी थोरली बहीण. "सुनील, तुजे दाजी गेले रे," ती म्हणाली.

"कुठं?" मी विचारलं.

आता हा प्रश्न कुणालाही वेडेपणाचा वाटेल. पण गेली काही वर्षं आक्काचे निम्मे फोन याच वाक्याने सुरू व्हायचे. तुझे दाजी गेले भंडारदऱ्याला, तुझे दाजी गेले नुसता चहा प्यायला शिरूरला, वाटेत तुझ्याकडे डोकावले तर जेवायला घालू नकोस, पोटाला तडस लागेस्तोवर खाऊन गेलेत… त्यामुळे 'गेले' म्हटलं की 'कुठं' हे माझ्या तोंडी ठरलेलं होतं. आक्का म्हणाली, "या बारीला न्हाई सांगितलं रे त्यांनी." जेवून खाटेवर आडवे झाले होते, उठलेच नाहीत. चहा उतू गेला आणि मी तसाच उभा राहिलो.

याला दीड महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, डोळे पुसायच्या तयारीनेच येतात, आणि दाजींचा विषय निघाला की पाच मिनिटांत हसायला लागतात. मग ओशाळतात. मी त्यांना सांगतो, हसा. दाजींच्या आठवणी सांगताना रडायचं म्हटलं तरी जमत नाही, मीही पाहिलंय करून.

दाजींचं नाव रावसाहेब, आणि देवाने त्यांना नावाला शोभेल असा देह दिला होता. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी केली आणि तिथून जवळच असलेल्या गावातली शेतीही सांभाळली. ते बसले की खुर्ची कुरकुरायची, आणि खुर्ची कुरकुरली की ते तिला म्हणायचे, "गप, तुज्यापेक्षा माजं वय जास्त हाय." आक्काला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्यांनी मुलीला विचारलं, तुला काही विचारायचंय का? मुलीने मान खाली घालून 'नाही' म्हणायचं असतं. आक्काने मान वर केली आणि विचारलं, "फिरायला न्याल का?" आमच्या आत्याने कपाळाला हात लावला. दाजी मात्र खुशीत म्हणाले, "नेईन की. रस्ता संपंल तिथवर." ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्या माणसाने असं बोलावं, हे आक्काला फार आवडलं. ती त्याच दिवशी 'हो' म्हणाली.

पुढे संसार, पोरं, कारखान्यातल्या पाळ्या, गोठा. रस्ता कधी जेजुरीला संपायचा, कधी शिर्डीला. निवृत्त झालो की कन्याकुमारीला जाऊ, तिथे खरोखरच रस्ता संपतो, असं दाजी सांगत राहिले. आणि निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना त्यांना गायीने पाडलं. सबंध हयात मोटारसायकलवर काढलेला माणूस धार काढताना पडला! जर्सी गाय माशीला लाथ मारायला गेली, दाजी मध्ये आले, गोठ्याच्या कोब्यावर डावा गुडघा आपटला आणि त्याचे तुकडे झाले. डॉक्टरांनी पट्टी-स्क्रू घालून तो जोडला, पण गुडघा वाकायचा म्हणजे नमस्काराला मान वाकावी एवढाच. गायीवर त्यांचा राग नव्हता. "तिचा नेम माशीवर हुता," असं ते सगळ्यांना सांगत.

पण त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं, तेही इथे सांगायला हवं. पोरांनी चारचाकी घेऊन दिली, तर दाजींना तिच्यात गुदमरायचं. "लोनच्याची फोड बरणीत घातल्यावानी वाटतं," म्हणायचे. जुनी मोटारसायकल विकली, कारण तिच्यावर पाय मुडपून बसणं शक्यच नव्हतं. ओट्यावर खुर्ची टाकून हा माणूस दिवसभर पुणे रोडवरच्या गाड्या बघत बसायचा. विनोद कमी झाले, मग जेवण कमी झालं. जेवण कमी झाल्यावर आक्का घाबरली. तिने मला बोलावून सांगितलं, "त्यांना बसता यील अशी गाडी हुडक. न्हाईतर ह्ये मानूस त्या खुर्चीतच संपंल."

आणि मग आम्ही दोघं गाडी बघायला निघालो. 'बघायला' हा शब्द दाजींनी मनावर घेतला. जुनी गाडी विकाऊ आहे असं कळलं की त्यांचा फोन यायचा, "पाव्हणं, एक स्थळ आलंय." गाडीवाल्याच्या घरी जायचं, चहा-पोहे घ्यायचे, गाडीवर बसून बघायचं, आणि नाही पटली तरी तोंडावर नाही म्हणायचं नाही. "कळवतो" म्हणायचं. बाहेर आल्यावर मला सांगायचं, "पत्रिका जुळत न्हाई." पत्रिका कशी जुळणार? उंच गाडीवर दोघांनी धरून चढवलं तर उतरवायला तिसरा माणूस लागला. लहान गाडीवर बसले तर मागचं चाक मडगार्डला टेकलं आणि गाडीवाल्याचा चेहरा पडला. स्कूटरवर बसले तर न वाकणारा गुडघा थेट हँडलला अडायचा, म्हणजे वळायचं असेल तर आधी गुडघ्याची परवानगी काढावी लागणार. नगरच्या एका शोरूममधला विक्रेता तर म्हणाला, काका, तुम्ही ट्रॅक्टर का नाही बघत? दाजी त्याच्यावर चिडले नाहीत, "ट्रॅक्टरला मागं बायकू कुठं बसवू?" एवढंच म्हणाले. पण परत येताना नगर ते सुपे सगळा रस्ता संपला तरी बोलले नाहीत. मला ते गप्प बसणं सहन व्हायचं नाही.

आणि मग कोल्हार. तिथल्या एका अण्णांची मोटारसायकल विकाऊ होती. दाजींनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "रविवारी बघायला येतो." प्रवरेच्या अलीकडे गाव लागलं तसं मी माझी कार थांबवली आणि एकाला विचारलं, अण्णांचं घर कुठलं, बघायला आलोय. त्याने आमच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "ते काय, सडा-रांगोळी घातलेलं." आता आमच्या भागात प्रत्येक भावकीत एक अण्णा असतोच, कुठे कुठे दोन असतात, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

स्वागत तर असं झालं की बस. पाय धुवायला गरम पाणी, गादीवर नवी चादर. दाजींना खाली बसता येईना म्हणून हातांची मोठी खुर्ची आणली. ते तिच्यात मागे रेलून, पाय लांब पुढे सोडून बसले. अण्णांनी विचारलं, "परवास बरा झाला ना? गाडीनंच आलात?"

"चांगली गाडी असती तर हितं कशाला आलो असतो?" दाजी म्हणाले. अण्णा समजल्यासारखे हसले. मग पोहे आले. पोहे खाता खाता दाजींनी आपल्या अटी सांगायला घेतल्या.

"आदीच सांगतो अण्णा, देखनेपनाचं आमाला काय न्हाई. अंगानं भक्कम पायजे."

"कामाला वाघ हाय आमची," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"आन् उंची जास्त नको. माजा गुडघा वाकत न्हाई."

अण्णा जरा कोड्यात पडले. पण मुलीचा बाप तो. "तुमी कशाला वाकताय?" ते म्हणाले. "वाकून पाया तीच पडंल की."

दाजींचा घास हातातच राहिला. पाया पडणारी मोटारसायकल त्यांनी अजून पाहिली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि तेवढ्यात आतून साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

त्यांच्या जागी मी असतो तर पळालो असतो. खरं सांगायचं तर मी चप्पल शोधायला लागलोच होतो. दाजींनी मात्र ताटली खाली ठेवली, मुलीला जवळ बोलावलं, खिशातली नोट तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, तू लाखात एक हायेस. पन मी मोटारसायकल बघायला आलोय."

मग ती मुलगी, स्वाती तिचं नाव, अशी खळखळून हसली की ट्रेमधले कप वाजायला लागले. मग तिची आई, मग आजी, आणि सर्वांत शेवटी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, अण्णा. स्वातीला बघायला येणारे पाहुणे अजून यायचेच होते, आणि मोटारसायकलवाले अण्णा म्हणे यांचेच चुलत भाऊ, पलीकडच्या गल्लीतले. दाजींनी सगळ्यांना आपली गायीची, गुडघ्याची आणि कन्याकुमारीची गोष्ट सांगितली. स्वाती ऐकत उभी होती. ती म्हणाली, "काका, मग तुम्ही आत्ता बसलात तशीच गाडी बघा ना. पाय पुढं सोडून. तसल्या असतात की, खुर्चीसारख्या."

दाजी आपल्या पायाकडे पाहत राहिले. इतके महिने आम्ही उंची बघितली, वजन बघितलं, दम बघितला. पाय कुठे ठेवायचा हे दोघांनीही बघितलं नव्हतं. घरी जाईपर्यंत ते बोलत होते, नुसते बोलत होते. कोल्हार ते सुपे! मला मध्ये 'हं' म्हणायलाही जागा नव्हती.

तशी गाडी, क्रूझर म्हणतात तिला, कुठे सापडावी? सुप्यातच. काखेत कळसा म्हणतात तो असा. बदली झालेल्या एका इंजिनिअरच्या दारात ताडपत्रीखाली ती उभी होती: सीट बुटकी, पायाच्या दांड्या पुढे, हँडल मागे छातीपाशी आलेलं. दाजी तिच्यावर बसले, डावा पाय सरळ पुढे गेला आणि दांडीवर टेकला. ते हँडलवर हात फिरवत बसले. मला वाटतं तेव्हा मी रडलो असेन. मात्र व्यवहार ठरला तो शनिवारी, आणि आक्काने फोनवरच बजावलं, शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही. मग नवरीला माहेरीच ठेवून आम्ही परत आलो आणि रविवारी वाजतगाजत घेऊन गेलो.

पुढे तिच्यावर नगरच्या गादीवाल्याकडून घट्ट फोमची रुंद सीट करून घेतली, मागच्या स्प्रिंगा जाड टाकल्या, आक्कासाठी पाठीला टेकायला गादी लावली. एक अडचण उरली होती, चढायची. गाडी बुटकी असली तरी दाजींचा उजवा पाय वरून पलीकडे जाईना. आक्का आत गेली आणि लग्नातला पाट घेऊन आली. त्यावर डावा पाय रोवून दाजी उभे राहिले आणि उजवा पाय सहज पलीकडे गेला. ते बसले की आक्काने पाट उचलायचा, मागच्या दोरीत अडकवायचा आणि मग आपण बसायचं. उतरताना उलट क्रम. दाजी एकटे निघाले तर हे काम वाटेत भेटेल त्या माणसाकडून करून घ्यायचे. गाव हसलं. रावसाहेबांनी म्हातारपणी गाडीशी पाट लावला म्हणे! दाजींनी उत्तर दिलं, "लावला. आन् पयली बायकू स्वतः लावून देती."

ते दोघं पाटासकट कन्याकुमारीला गेले. मजल दरमजल करत, दुपारी झाडाखाली झोपत, रोज मला कुठे काय खाल्लं याचा अहवाल देत. शेवटच्या दिवशी समुद्राच्या वाऱ्यात ओरडून फोन केला, "पाव्हणं, रस्ता संपला!"

"मग आता?" मी विचारलं.

"आता माघारी. रस्ता दोनी बाजूनं चालतो की." मागून आक्काचं हसू ऐकू येत होतं. लग्नाआधी माझी बहीण असंच हसायची. त्याच्या आदल्या वर्षी स्वातीचं लग्न झालं, तेव्हाही ही जोडी त्याच गाडीवरून कोल्हारला गेली होती, आणि तिथे नवरदेवापेक्षा जास्त फोटो दाजींचे निघाले.

दाजी गेल्यावर गाडी ओट्यासमोर उभी राहिली. उभी गाडी गंजते, हे दाजींचंच वाक्य, म्हणून आक्कानेच सांगितलं की द्यायची. पण तिची एक अट होती: ज्याच्या अंगाला बसेल त्यालाच. मग स्थळं यायला लागली. काडीसारखी पोरं आली, गॉगल लावून आली. आक्का सगळ्यांना पोहे घालायची आणि "कळवते" म्हणायची. ते गेले की मला म्हणायची, "मुलाचं वजन भरत न्हाई."

गेल्या शुक्रवारी शनिशिंगणापूरहून एक जोडपं आलं. नवऱ्याचं पूजेच्या सामानाचं दुकान, अंगाने दाजींचाच धाकटा भाऊ वाटावा असा, आणि खुब्याचं हाड मोडून काठीवर आलेला. पाटावर चढून तो गाडीवर बसला, पाय पुढे सोडला आणि तोही तसाच हँडलवर हात फिरवत बसला… मला तिकडे बघवेना. आक्का त्याच्या बायकोला म्हणाली, "तूबी बसून बघ." ती बसली, मागे टेकली, म्हणाली, "आई गं, खुर्चीच हाय की!"

"कुठं जायचंय तुमाला?" आक्काने विचारलं.

"मी समुद्र न्हाई बघितला अजून," ती लाजत म्हणाली.

आक्का पोहे करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते, कांद्याने असतील. मी 'कळवते'ची वाट बघत होतो. ती म्हणाली, "खावा. पोरगी तुमची झाली."

"मग उद्याच..." तो म्हणाला आणि त्यानेच जीभ चावली. "उद्या शनिवार. लोखंड नको. रविवारी नेतो." आक्काने माझ्याकडे पाहून मान हलवली. निघताना त्याने पाटाकडे बोट केलं. "ह्यो पन देनार का?"

"त्यो न्हाई," आक्का म्हणाली. "त्यो माज्या लग्नातला हाय. तुमचा घरी आसंल की, बघा."

रविवारी ते आपला पाट घेऊनच आले. आक्काने दोघांना ओवाळलं, गाडीलाही ओवाळलं. तो चढला, बायकोने पाट उचलला, दोरीत अडकवला आणि ती मागे बसली. गाडी पुणे रोडला लागून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर उभे होतो.

"गेले," आक्का म्हणाली.

"कुठं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती कोसळणार. आणि ती हसायला लागली, कन्याकुमारीच्या फोनवर ऐकलं होतं तसं, पोट धरून, पदराने डोळे पुसत. मग खाली उतरून तिने गाडीच्या मोकळ्या झालेल्या जागेत उरलेला आपला पाट उचलला, पदरानेच पुसला आणि ओट्यावर दाजींच्या खुर्चीशेजारी ठेवला. संध्याकाळी मी निघालो तेव्हा ती त्याच्यावर बसून शेंगा सोलत होती.