कांद्याच्या घुमटांचा पडदा

जानेवारी १९९३, जत्रेचा पहिला दिवस. रंगवलेल्या पडद्याच्या खालच्या कडेला बांबू घालायचा होता, त्यासाठी मी नळी शिवत बसले होते. सुई ओढली की बोटांना लाल रंग लागायचा आणि रॉकेलचा वास यायचा. पडदा रंगवून आठवडा होत आला होता, तरी तो वाळला नव्हता.

तेव्हा मी बारामतीत शिवणकाम करत होते. जत्रेला मात्र सणसरच्या पुढे, सासरच्या वाडीवर जायचंच. त्या वर्षी मुलांचं नाटक होतं आणि माझी मुलगी राजकन्या होती. पडदा धाकट्या दिराने रंगवला. एरवी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. इंदापूरच्या एका ड्रॉइंग मास्तरांकडे रशियातल्या नाटकांच्या नेपथ्याचं चित्रांचं पुस्तक होतं, रशियन पुस्तकांच्या फिरत्या गाडीवर स्वस्तात मिळालेलं. त्यातला एक राजवाडा दिराने चौकटी आखून मांजरपाटावर उतरवला होता. लालभडक भिंती, सोनेरी वेली, वर कांद्यासारखे घुमट आणि मधोमध काळाकुट्ट दरवाजा. त्याने चित्रातली एक वेलसुद्धा सोडली नव्हती.

"राजाचं कांद्याचं पीक चांगलं आलंय," बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा. दीर हसायचा.

असे पडदे खडूची पूड आणि सरस घालून रंगवतात. तो रंग तासाभरात सुकतो. पण स्टेज देवळाच्या अंगणात होतं, आणि सरस म्हणजे कातड्या-हाडांची खळ. जत्रेचं बघणारे आबा आमचे चुलत सासरे. "कातड्याची खळ देवाम्होरं चालायची न्हाय," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून दिराने ट्रॉलीचा ऑइलपेंट रॉकेल घालून पातळ केला आणि त्याच रंगाने अख्खा पडदा रंगवला.

काळा दरवाजा मधून चिरलेला होता. मुलगी त्याच्यामागे लपून बसणार आणि नाटक सुरू झालं की तिथून बाहेर येणार. अंगात नायलॉनचा घेरदार झगा, तोही मीच शिवलेला. आणि आमच्याकडे खेळाआधी पडद्याला कापराने ओवाळतात.

हे सगळं एकत्र डोक्यात आलं तेव्हा माझा हात थांबला. मी दिराला हाक मारली.

"कापूर लावायचाय ना याच्यापुढं?"

"लावत्यात की दरसाली."

"दरसाली याला रॉकेल पाजलेलं नसतं."

"वहिनी, तुमी शिलाईचं बगा. रंग माझा हाय."

मी आबांकडे गेले. आरती स्टेजच्या पायरीशी, खाली करा, एवढंच मी म्हणाले.

"पडद्याला ओवाळल्याबिगर खेळ व्हत न्हाय," आबा म्हणाले. "शहरात राहून भित्री झालीस व्हय गं?"

मुलीला घरीच ठेवावं असं मनात आलं. पण ती पंधरा दिवस संवाद घोकत होती, आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी बसली असती. नळी शिवून उरलेली रंगवलेल्या कापडाची पट्टी कापून मी पिशवीत टाकली आणि दोन पोती बादलीत भिजवली.

दिवे लागले. आबा कापराची आरती घेऊन वर आले. मी पडद्यामागे मुलीच्या शेजारी ओलं पोतं धरून बसले. पोत्याचं पाणी मांडीवरून ओघळत होतं. उजेडामुळे घुमट मागूनही दिसत होते, उलट्या बाजूने आणि धुरकट. कापराची ज्योत दरवाजाच्या चिरेतून दिसायची, जायची, पुन्हा दिसायची. आबांना सावकाश ओवाळायची सवय होती. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, माझा झगा भिजेल." मी तिचा दंड धरला होता. त्यावर बोटांचे वळ उठले होते, हे नंतर कळलं.

काही झालं नाही. नाटक झालं, टाळ्या झाल्या. सामान आवरताना दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनींनी पोत्यानं राजवाडा वाचवला." सगळे हसले. आबाही हसले. "उद्या दुसरा खेळ हाय, पोती वाळू देऊ नको," असं वर म्हणाले.

रात्रभर मला वाटत राहिलं की मी उगाच घाबरले. तसं असतं तर बरंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा घेत होते. पिशवीतली पट्टी आणि काडेपेटी घेऊन मी उसापासून लांब, नांगरलेल्या रानात गेले. ढेकळावर उभं राहून पट्टीच्या टोकाला काडी लावली. पट्टी खालून वर अशी धावत आली की ती हातातून सोडायलाही मला उशीर झाला. अंगठा पोळला. खाली पडलेली पट्टी मातीवरही जळत राहिली, काळा धूर सोडत.

मी तशीच देवळात गेले, शिडी लावली आणि पडद्याच्या दोऱ्या कापल्या. राजवाडा धप्पकन खाली आला. आबा देवळातून बाहेर आले आणि काय चाललंय म्हणून विचारलं. मी शिडीवरूनच पोळलेला अंगठा दाखवला आणि सांगितलं, "आज मागं पांढरं धोतर लावा. तुमचं असलं तरी चालेल."