अकरा नंबरचे दोन शर्ट

गुडघ्यात पाणी साठतं ना, तसे किस्से साठतात. साठताना कळत नाही, एक दिवस उकिडवं बसायला जावं तर जाणवतं! साउथहॅम्प्टनच्या गोदीजवळ एक छोटा फुटबॉल क्लब होता. ऐंशीच्या दशकात मी तिथे दर शनिवारी मॅचची डॉक्टर म्हणून जायची. परवा लंडनला एजवेअरमध्ये माझ्या मैत्रिणीकडे, नलूकडे, जेवताना विषय निघाला, पण तिच्यासमोर सगळं सांगता येईना. ती भुतांना घाबरते. म्हणजे मी भूत म्हटलेलं नाही हं! मी सायन्सची बाई आहे.

*

पहिल्याच दिवशी ड्रेसिंग रूमचं दार वाजवलं. आतून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर असेल तर ये!" गेले. आत अकरा गडी आणि टॉवेल मोजून चार!

मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "चालू द्या. ॲनाटॉमीत मला डिस्टिंक्शन आहे!"

त्यानंतर त्या खोलीत कुणी मला बिचकलं नाही.

*

माझ्याकडे इंज्युरी बुक असायचं. ज्याला लागलं त्याची नोंद करायची. कॉलेजात आमच्या सरांनी सवय लावली होती, नाव आधी, दुखणं मग. "चार नंबरचं फ्रॅक्चर" असं कुणी म्हणालं की सर त्याला वॉर्डाबाहेर काढायचे. म्हणून रक्त वाहत असलं तरी मी आधी नाव विचारायची. पोरं वैतागायची.

एकदा गोलकीपरच्या डोक्याला मार बसला. मी विचारलं, "नाव?" तर त्याने चक्क मॅनेजरचं नाव सांगितलं!

मॅनेजर दारातच होता. म्हणाला, "छान! मग आजची हार याच्या नावावर, मी घरी जातो!"

*

आता रेजकाका. खरं नाव फक्त रेज, 'काका' आमच्या घरात जोडलेलं. सत्तरीला टेकलेले. खेळाडूंचे कपडे धुणं, इस्त्री करणं, खुंट्यांवर टांगणं हे त्यांचं काम. एकदम कडक माणूस. मॅच संपली की त्यांचं एकच वाक्य, "शर्ट जागेवर टांगा, मग घरी जा!"

एकदा माझ्या लक्षात आलं की अकरा नंबरचे शर्ट दोन आहेत. एक लेफ्ट विंगरच्या अंगात, दुसरा दाराजवळच्या शेवटच्या खुंटीवर. तो कुणीच घालायचं नाही. तरी रेजकाका तो दर आठवड्याला धुवायचे!

"न घातलेला शर्ट कशाला धुता?"

"हात लावून बघा," ते म्हणाले.

कॉलर ओलीचिंब होती. हाताला विटांचा बारीक लाल चुरा लागला.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "अगं, इंग्लंडात ओल असते, भुतं नसतात. पाइप गळत असेल." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

*

एका शनिवारी बेबीसिटर आली नाही, म्हणून आठ वर्षांच्या मीराला बरोबर नेलं. इथेच जन्मलेली, तिचं मराठी बेताचंच. ड्रेसिंग रूमबाहेर कॉमिक वाचत बसली होती. मॅच चालू, आत कुणी नाही. ही माझ्याकडे येऊन म्हणते, "आई, आतला दादाला खूप थंडी वाजतोय. तू त्याला टॉवेल देणार?"

मी आत जाऊन बघितलं. खोली रिकामी.

"खोटं बोलू नये, मीरा!" म्हणून मी रागावले. पोर रडली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

*

मग नवीन मॅनेजर आला. त्याला असले लाड खपायचे नाहीत. एका मॅचला लेफ्ट विंगरचा शर्ट फाटला, तर याने खुंटीवरचा काढून त्याच्या अंगात घातला! रेजकाका "नको, नको" म्हणत राहिले.

हाफ टाइमला तो विंगर परत आला तो कापतच. तोंडचं पाणी पळालेलं. मला म्हणाला, "डॉक्टर, माझ्या कानात सारखं कोण ओरडतंय? 'शर्ट टांगून जा, शर्ट टांगून जा!'"

रेजकाकांनी तो शर्ट त्याच्या अंगातून काढून घेतला आणि परत खुंटीवर टांगला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ते माझ्याशी बोलले. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. निम्मी टीम सैन्यात, त्यामुळे त्या सीझनला कुणालाही खेळायला घ्यायचे. बंदरात जहाज लागलं की एखादा खलाशी, छावणीतला एखादा शिपाई. त्यांना 'गेस्ट' म्हणायचे. यादीतही कधीकधी नुसतं 'गेस्ट' लिहायचे. रेजकाका तेव्हा गोदीत कामाला आणि टीमचे लेफ्ट विंगर. एका शनिवारी त्यांचा पाय मुरगळला, म्हणून प्रेक्षकांतून एक खलाशी उतरला. रेजकाकांनीच त्याला आपला शर्ट दिला. मॅच अर्ध्यावर असताना सायरन झाला. सगळे शेल्टरकडे पळाले. तेव्हा कपडे रेशनवर, एक शर्ट गेला तर दुसरा मिळायचा नाही. रेजकाका शेल्टरच्या दारातून ओरडले, "ए, शर्ट टांगून जा!"

पोरगं आज्ञाधारक. ते मागे वळलं आणि ड्रेसिंग रूममध्ये गेलं. बॉम्ब तिथेच पडला. आगीच्या बंबाच्या पाण्याने भिजलेला त्याचा शर्ट विटांच्या ढिगातून निघाला, तोच हा खुंटीवरचा.

"नाव विचारलंच नव्हतं मी," रेजकाका म्हणाले. "शर्टाचा नंबर विचारा, सांगतो. सगळीकडे पत्रं लिहिली, पत्ता लागला नाही. थडग्यावरही नाव नाही. डॉक्टर, नावाशिवाय माणसाची माफी मागायची तरी कशी?"

मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

*

त्याच हिवाळ्यात रेजकाकांच्या पोटात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन, आणि भरवसा कुणीच देत नव्हतं. तरी शनिवारी ते आलेच. शर्ट टांगले आणि हीटरपाशी ब्लँकेट घेऊन बसले.

बाहेर दाट धुकं. सेकंड हाफमध्ये माझ्या खोलीत एक पोरगा आला. अकरा नंबर, नखशिखांत भिजलेला, भुवईवर खोक. ओळखीचा वाटला नाही. म्हटलं, ट्रायलला आलेला असेल कुणी.

"नाव?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "वॉल्टर पिम, मॅडम."

मी लिहिलं. खोक पुसली, पट्टी लावली. केसांत विटांचा चुरा होता. हात बर्फासारखे गार. तो शर्ट काढायला लागला. म्हणाला, "हा जागेवर टांगायचाय ना?"

मी भडकलेच! "अरे, न्यूमोनिया करून घेतोस का? शर्ट गेला खड्ड्यात! अंगावरच राहू दे, आणि आधी घरी जा!"

"नक्की जाऊ?"

"डॉक्टर मी आहे की तू?"

तो हसला. थँक यू म्हणाला आणि गेला.

मॅच संपल्यावर रेजकाका नेहमीसारखं इंज्युरी बुक टीमच्या यादीशी ताडून बघत होते. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हा कोण? आपला अकरा नंबर तर शेवटपर्यंत मैदानात होता."

मी सांगितलं. शर्टाचंही सांगितलं.

ते उठले. मला म्हणाले, "चला." दाराजवळच्या शेवटच्या खुंटीवर नुसता हँगर लटकत होता. रेजकाकांनी दोन्ही हातांनी तो चाचपला, वरपासून खालपर्यंत.

"वॉल्टर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "डॉक्टर, हँगर कोरडा आहे हो."