उघाडीवरचा कागद

माझ्या वडिलांकडे गावची उघाडी होती. खाडीकाठाबाहेरची माणसं हा शब्द ऐकून नुसती बघत राहतात, म्हणून सांगते. पेणजवळच्या आमच्या गावात खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून बांध आहे, आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्या बांधात दार आहे. तीच उघाडी. आमच्या दाराला लाकडी फळ्या होत्या. त्या कधी काढायच्या, कधी घालायच्या, हे काम गाव दरवर्षी एका माणसावर सोपवायचं, आणि माझ्या जन्माआधीपासून तो माणूस बदलला नव्हता.

त्यांचं गणित साधं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. ही झाली मुंबईच्या बंदराची वेळ. आमच्या खाडीत पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. किती उशिरा, ते वडील वारा आणि पाऊस बघून ठरवत. वाटेत कोणी विचारलं तर तोंडातलं पान न थुंकता बोटांनी वेळ दाखवत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी अष्टमी गावात राहत होते आणि नदीवरचा पूल ओलांडून रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात टायपिंगला जात होते. तिथे इंटरनेट आलं. आधी फोन किरकिरायचा, मग पडद्यावर पान वरून खाली सावकाश उतरायचं. एक दिवस मला भरती-ओहोटीचं अख्ख्या महिन्याचं कोष्टक सापडलं, अगदी मिनिटांसकट. मला कोण आनंद झाला! प्रिंट काढली आणि सुट्टीच्या दिवशी माहेरी नेली.

वडिलांनी कागद हातभर लांब धरला. "काय गो, यात आपली खाडी कुठं हाय?"

"मुंबईची वेळ हाय, बाबा. पुढचं तुम्ही मिळवा."

"मुंबईची मला ठावं हाय." पण कागद त्यांनी परत दिला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनीच विचारलं, "कागद आणलास?" मग दर महिन्याला विचारू लागले. आता कोणी वेळ विचारली की ते प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढत. एकदा मी सहज म्हटलं, बाबा, आज तिथी कोणती? ते जरा थांबले आणि म्हणाले, "कागदात असंल." कागदात तिथी नव्हती, नुसत्या तारखा होत्या. मी हसले. आता त्या हसण्याची चीड येते, पण तेव्हा मी हसले हे खरं आहे.

त्या वर्षी गौरी-गणपती गेले आणि पुनवेच्या तोंडावर तीन दिवस पाऊस लागला. मी माहेरीच होते. भाताला लोंब्या येत होत्या आणि शेतं तुडुंब भरली होती. कागदावर भरती साडेअकराची होती, म्हणजे तीनपर्यंत खाडी बरीच उतरलेली हवी. मी वडिलांबरोबर बांधावर गेले.

"पाणी अजून वर हाय," ते पुटपुटले. मग पिशवीतून कागद काढून बघितला.

मी घड्याळ बघितलं. "बाबा, तीन वाजून गेले."

पाणी समोर होतं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं होतं. तरी त्यांनी फळ्या उपसल्या.

पाणी बाहेर गेलं नाही, आत आलं. त्या लोंढ्यात फळी परत खाचेत बसेना. गावातली माणसं धावत आली, तीही काही करू शकली नाहीत. खाडी उतरेपर्यंत आम्ही उभे राहून बघत होतो. चार दिवसांनी लोंब्या तांबूस पडल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी कपड्यांच्या घड्या करून ते पिशवीत भरले आणि रोह्याची गाडी धरली. ऑफिसात जाऊन नेहमीसारखी पत्रं टाइप केली.

पुढच्या पावसाआधी देवळाच्या ओसरीवर गावची बैठक भरली. मलाही नव्या महिन्याचा कागद घेऊन बोलावलं होतं. मी मान खाली घालून गेले, पण कोणी आवाज चढवला नाही. गावच्या पंचांपैकी एक जण समजुतीनं म्हणाले, "कागद बरोबर हाय, नुसता मुंबईचा हाय. किती मिळवायचं तेवढं सांगा, म्हंजे उघाडी कोणालाबी बघता येईल."

"ते पाणी बघून समजतं," वडील म्हणाले.

"नाय, पण आकडा?"

"वारा दखणेचा असला तर येगळं. पाऊस असला तर येगळं."

"ते खरं वो. पण आकडा सांगा ना."

सगळे थांबले होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन उघडून बसले होते.

"तास लिही गो," ते म्हणाले.

त्या आकड्यात वारा नव्हता आणि पाऊसही नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी कागदावर प्रत्येक वेळेत एक तास मिळवत गेले. ओळी सरळ याव्यात म्हणून कोणीतरी मला कागदाखाली घ्यायला पाट आणून दिला. लिहून झाल्यावर गावानं उघाडी दुसऱ्या माणसाला दिली. त्यानं पहिला प्रश्न मला विचारला, पुढच्या महिन्याचा कागद कधी आणशील. वडील शेजारीच बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही.